दोन डिस्क आणि काचेखालचं पान

वाचनालयातल्या जुन्या साप्ताहिकाच्या फायली स्कॅन करायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं, कागदच आपल्याला छळणार. कागद हाताला लागला की तुकडे पडत, हे मला माहीत होतं. पण त्या दीड वर्षात माझं डोकं फिरवलं ते कागदानं नाही. सकाळी कुलूप उघडताना ज्याचं तोंड बघावंसं वाटायचं नाही, तो कोपऱ्यातला संगणक होता.

मी मलकापूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. हे साप्ताहिक आमच्याच जिल्ह्यात छापलं जायचं आणि बंद पडूनही जमाना झाला. शाळांचे निकाल, नाटक मंडळ्यांचे दौरे, सरकीच्या तेलाच्या जाहिराती, हरवलेल्या म्हशीचं वर्णन, असं सगळं त्यात आहे. त्याचे अंक दुसरीकडे कुठं असल्याचं मी तरी ऐकलं नाही. आमच्याकडे मात्र वर्षावर्षाचे जाड गठ्ठे बांधून ठेवलेले होते, आणि ती जुनी बांधणी सोडवल्याशिवाय पान सपाट होत नव्हतं. त्यासाठी मी चाचांना बोलावलं.

चाचा स्टेशनच्या पलीकडे राहतात. सत्तरी ओलांडलेली, धंदा बाइंडिंगचा, वडलांपासूनचा. कुराणाच्या प्रती, पोथ्या, शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी एक गठ्ठा उघडला, पानाची कड नुसती बोटानं जोखली आणि म्हणाले, "बाई, हा कागद आता एकदाच उलटू देईन. दुसऱ्यांदा उलटाल तं भुगा होईन."

म्हणून आमची रीत ठरली. चाचा शिवण कापून पान सुटं करायचे, दोन तळव्यांवर उचलून, वरून फोटो घेणाऱ्या स्कॅनरच्या काचेखाली ठेवायचे आणि कडेचा मोडका भाग बाइंडिंगच्या हाडाच्या पट्टीनं अलगद धरून उभे राहायचे. मी बटण दाबायची. फोटो निघाला की पडद्यावर 'सेव्ह होत आहे' अशी पट्टी यायची, आणि ती भरल्यावरच पानाचं चित्र दिसायचं. चित्र दिसेपर्यंत पान हलवायची सोय नव्हती. आमची इमारत रुळाजवळ आहे. मालगाडी गेली की टेबल थरथरतं आणि अक्षरं पुसट येतात. तसं झालं तर तेच पान तसंच धरून पुन्हा घ्यावं लागे. म्हणजे पट्टी भरेपर्यंत चाचा वाकलेले आणि पान काचेखाली.

पहिले चार महिने संगणकात एकच हार्ड डिस्क होती. एका सकाळी तिच्यातून टक् टक् असा आवाज यायला लागला आणि दुपारपर्यंत चार महिन्यांचं काम गेलं. जी पानं एकदाच उलटू देईन असं चाचांनी म्हटलं होतं, ती परत उलटावी लागली. काहींचा हातातच भुगा झाला.

मग कार्यकारिणीची बैठक झाली. आमचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ठराव लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी ठराव लिहिला: यापुढे प्रत्येक पान एकाच वेळी दोन डिस्कवर साठवले जाईल. खामगावहून एका संगणकवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन उघडून दोन नव्या डिस्क बसवल्या. एक एसएसडी, म्हणजे आत फिरणारं काही नसलेली, चपटी, झपाट्यानं लिहिणारी. दुसरी नेहमीची, चकती फिरणारी हार्ड डिस्क. दोन्ही एसएसडी घेण्याइतकी देणगी नव्हती.

"मॅडम, आता टेन्शनच नाई," तो म्हणाला. "दोघींचा आरसा करून देला. तुम्ही लिहिलं का दोन्हीकडं उमटते. एक मेली तरी दुसरी हाय."

"आणि वेग?"

"अवो, एसएसडी लावून राह्यलो न! पाहा आता कशी पळते तं."

पहिली पाच-पंचवीस पानं खरंच पळाली. मी चाचांकडे बघून हसले सुद्धा. मग पट्टी रेंगाळायला लागली. चाळिसाव्या पानापर्यंत एकेका पानाला जवळजवळ मिनिट लागायला लागलं. पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन थांबायची आणि थांबूनच राहायची. चाचा वाकलेले, मी माउस धरून बसलेली. रोज एखाददुसरं पान त्या धरण्यातच फाटायचं.

मी खामगावला फोन केला. तो म्हणाला, स्कॅनर जुना असेल. स्कॅनर नवा होता. मग म्हणाला, फोटो लहान करा. फोटो लहान केला तर बारीक टायपातल्या जाहिराती वाचता येत नव्हत्या. तिसऱ्या फोनला म्हणाला, "तुम्ही मशीन इंटरनेटले जोडून ठेवा, मी इथूनच पाहतो." त्यानं खामगावहून काहीतरी केलं आणि सांगितलं की दोन्ही डिस्क मिळून एक नोंद ठेवत होत्या, कुठं कुठं लिहिणं चालू आहे त्याची. ती नोंद ठेवण्यात वेळ जात होता, म्हणून त्यानं ती काढून टाकली.

"ती लागत नाही का?" मी विचारलं.

"काही लागत नाई. उगाच बोजा."

वेग किंचित वाढला. खोटं कशाला बोलू, चार-पाच सेकंद वाचत असतील. आणि त्याच आठवड्यात लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाणं म्हणजे काही बातमी नाही, पण त्या दिवशी यूपीएसची बॅटरीही बसली आणि मशीन एकदम बंद पडलं. पुन्हा चालू केलं तर ते म्हणे, दोन्ही डिस्क सारख्या आहेत का ते तपासतो. कुठं लिहिणं अर्धवट राहिलं ते सांगणारी नोंदच काढून टाकलेली, म्हणून त्यानं अख्खी डिस्क पहिल्या टोकापासून जुळवायला घेतली. ती जुळवणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. तेवढ्या वेळात एक पान सेव्ह व्हायला दोन-अडीच मिनिटं लागत होती. त्या महिन्यात असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा झालं त्या दिवशी मी करू नये ते केलं.

पट्टी अडकलेली होती. चाचा पान धरून उभे होते. फोटो निघताना नेमकी मालगाडी गेली होती, म्हणून पट्टी भरली आणि चित्र आलं तर अक्षरं हललेली. पुन्हा घेतलं. पुन्हा पट्टी. पुन्हा चित्र आलं, आणि खालचा कोपरा पुसट. आता गाडीही नव्हती. मी वळून चाचांच्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता.

"चाचा, हात जरा स्थिर ठेवा न! किती वेळा घ्यायचं एकच पान?"

माझा आवाज चढला होता. वाचनकक्षात पेपर वाचत बसलेल्या दोघातिघांनी मान वर केली. नेमके सचिव दारात उभे होते. ते मदत करायला म्हणून बोलले की कसे, देव जाणे. म्हणाले, "वयाचा भाग आहे, बाई. दुसरा माणूस पाहू."

चाचांनी पान काढायला म्हणून हाडाची पट्टी उचलली, आणि इतका वेळ वाकून ताठलेल्या बोटांतून ती निसटली. पानाच्या मधोमध उभी चीर गेली. चाचांनी दोन्ही तुकडे जोडून पुठ्ठ्यावर ठेवले. हाडाची पट्टी आणि सुरी फडक्यात गुंडाळली. मोरीत जाऊन हात धुतले.

"चाचा," मी म्हटलं.

"हाव बाई. पाहा तुम्ही दुसरा माणूस," ते म्हणाले आणि गेले.

मला सचिवांचा राग आला, खामगाववाल्याचा आला, आणि घरी जाईपर्यंत स्वतःचा इतका आला की भाजी चिरताना सुरी आपटत होते. चाचांचा हात पहिल्या दिवशी थरथरत नव्हता. पानामागे पाच सेकंद धरायचं होतं तेव्हा दगडासारखा होता. आपला हात अडीच मिनिटं हवेत धरून बघावा म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून धरून पाहिला. मिनिटातच कोपरातून कळ यायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी काम बंद ठेवलं आणि वाचायला बसले. मी ग्रंथपाल आहे. कोणाला काही अडलं तर शोधून देणं हे माझं काम, आणि स्वतःला अडलं तेव्हा मी तीन महिने फोन फिरवत बसले होते, याची लाजही वाटली. मशीन लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं. त्याची माहितीपुस्तिका नेटवर मिळाली. इंग्रजी तसलं, की शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य अनोळखी. वही घेतली, एकेक ओळ उतरवली, शेजारी मराठीत अर्थ लिहिला.

चौथ्या दिवशी मूळ गोष्ट हाती लागली, आणि ती इतकी साधी होती की मला रडू यायचं बाकी राहिलं. आरसा केलेल्या दोन डिस्कवर लिहिताना, दोन्ही डिस्क 'झालं' म्हणत नाहीत तोवर काम झालं असं धरलंच जात नाही. एसएसडीचं पान केव्हाच लिहून झालेलं असायचं. ती मग नुसती बसून राहायची, फिरत्या डिस्कचं होईपर्यंत. म्हणजे इतके महिने आमची ती झपाट्याची डिस्क चाचांसारखीच ताटकळत उभी होती. वाचायला पळते, लिहायला मात्र धीम्या जोडीदाराचीच चाल. हे बसवतानाच एका वाक्यात सांगता आलं असतं.

उपायही तिथंच होता. धीम्या डिस्कवर एक खूण करता येते, की हिच्यावर मुख्यतः लिहायचं, वाचायचं ते दुसरीवरून. आणि सोबत अशी मुभा देता येते, की एसएसडीचं झालं की 'झालं' म्हणा. ही मागून सावकाश लिहील. त्याला राइट-बिहाइंड म्हणतात. अट एकच: ती नोंद चालू पाहिजे. तीच नोंद, जी उगाच बोजा म्हणून काढून टाकली होती. त्या ओळीशी आल्यावर मी वही मिटली आणि उठून पाणी प्यायले.

सचिवांना सांगितल्याशिवाय करणं बरोबर नव्हतं. त्यांना कार्यालयात बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मधल्या वेळात पान एकाच डिस्कवर असणार?"

"काही सेकंद. फार तर मिनिट."

"ठरावात 'एकाच वेळी' असे शब्द आहेत, बाई."

"सर, तेवढ्या वेळात एसएसडी मेली तर दोन-चार पानं जातील. ती पानं तेव्हा टेबलावरच असतात. पुन्हा घेता येतील. पण इतका वेळ धरून ठेवण्यात रोज पानं फाटत होती, ती कुठून आणायची?"

"ठराव बदलावा लागेल. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक सव्वा महिन्यानं होती. मी उठून कपाट उघडलं, तिथला पुठ्ठा आणला आणि त्या चीर गेलेल्या पानाचे दोन तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी वाकून ते पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "करा. मी ठरावाचं बघतो." आजवर मी त्यांच्यावर पुष्कळ चिडले आहे, पण तेवढं एक त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मग मी आज्ञा टाइप केल्या. धीमी डिस्क जोडीतून काढायची, नोंद चालू करायची, खूण करून तीच डिस्क परत जोडायची. एक अक्षर चुकलं तर सगळं जाईल या भीतीनं आधी सगळी पानं बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतली, त्यातच दोन दिवस गेले. प्रत्येक आज्ञा वहीत लिहून, बोट ठेवून, तीनदा वाचून मगच बटण दाबलं. झालं. यूपीएसची बॅटरीही नवी बसवून घेतली, कारण मागून लिहायचं राहिलेलं सगळं तिच्याच भरवशावर होतं.

मी चाचांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसून कोणाच्या तरी वहीला कापडी पाठ लावत होते. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला.

"चाचा, चूक माझी होती. हात नाही, मशीन खराब होतं."

"हात बी हालतच होता, बाई," ते म्हणाले. "झूट काऊन बोलू? पण तुम्ही इतक्या जणांमंदी बोलल्या."

"हो."

"चाळीस साल झाले मले ह्या गावात. कोनी काम खराब केलं म्हणून बोललं नाई मले."

चहा थंड होत होता. त्यांनी लेई लावून संपवली, वही दाबाखाली ठेवली, हात पुसले. मग म्हणाले, "सोमवारी येतो. पण उभा नाई राहणार. मले बसायले उंच स्टूल पाह्यजे, अन् मी 'बस' म्हटलं का तुम्ही मशीन बंद करान."

सोमवारी ते आले. मी बटण दाबलं. पडद्यावर पट्टी आली आणि चाचांनी हाडाच्या पट्टीवर बोट नीट टेकवायच्या आत भरून गेली. चित्र समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं?"

"झालं."

"अरे वा!"

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही जितकी पानं घेतली तितकी आधी तीन दिवसांत होत नव्हती. आणि दुपारनंतर पट्टी पुन्हा रेंगाळली.

मी अक्षरशः टेबलावर डोकं टेकलं. चाचा म्हणाले, "बस. आज इतकंच," आणि उठले. त्यांच्याशी ठरलंच होतं तसं.

पुन्हा वही, पुन्हा वाचणं. मागून लिहायची मुभा असली तरी तिला मर्यादा आहे. धीमी डिस्क फारच मागे पडली की साचलेलं काम भरून वाहतं आणि मग सगळं तिच्याच चालीनं चालतं. पण ही डिस्क इतकी मागे पडते तरी का? मी मशीन उघडून तिच्यावरचा नंबर उतरवून घेतला आणि शोधला. कंपनीच्या कागदावर अगदी खाली, बारीक टायपात लिहिलेलं सापडलं. त्या डिस्कमध्ये लिहिण्याच्या रेघा घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. तेवढ्या जागेत जास्त मावतं. पण एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. थोडं लिहिलं तर चालतं. सतत लिहीत राहिलं की ती गुदमरते. साठवून बाजूला ठेवायला ठीक, आमच्यासारख्या कामाला नाही.

खामगाववाल्याला मी या खेपेला फोन केला नाही. डिस्क पिशवीत घातली, एसटीनं खामगावला गेले आणि त्याच्या दुकानात काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ही कौलांची डिस्क आहे. मला साधी पाहिजे."

"कौलांची?" तो हसला. "मॅडम, डिस्क तं डिस्कच असते."

मी कंपनीचा कागद छापून नेला होता. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला. मग डिस्क उलटीसुलटी करून पाहिली. त्याचं हसू गेलं. "हे आमाले कोनी सांगतच नाई," तो म्हणाला, आणि मला तेव्हा कळलं की तो फसवत नव्हता, त्यालाच माहीत नव्हतं. त्यानं माझा वेळ इतका खाल्ला होता की मला त्याचा राग सोडवेना, पण धरताही येईना. शेवटी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कॅमेऱ्यांच्या कामासाठी आणलेल्या डिस्कांतली एक त्याच्याकडे शिल्लक होती. कॅमेरे दिवसरात्र लिहीतच असतात, म्हणून तिच्यात ती कौलांची भानगड नव्हती. ती त्यानं बदलून दिली. वर म्हणाला, "मॅडम, ते मागून लिहायचं जे केलं तुम्ही, ते मले लिहून द्या न."

मी लिहून दिलं. काय करणार?

नवी डिस्क जोडल्यावर एसएसडीवरचं सगळं तिच्यावर उतरायला अख्खा दिवस लागला. चाचा त्या दिवशी येऊन स्टुलावर बसले, सुट्या पानांच्या कडांना पातळ कागद लावत राहिले. मधूनमधून पडद्याकडे बघून विचारायचे, "किती झालं?" मी सांगायची, पंधरा टक्के, बावीस टक्के. त्यानंतर मात्र पट्टी रेंगाळली नाही. दिवसभर लिहिलं तरी धीमी डिस्क थोडी मागे पडायची, चाचा दुपारच्या नमाजाला जाऊन येईपर्यंत गाठायची. लाइट गेली, आणि ती जायचीच, तरी जुळवणी एखाद्या मिनिटात आटपायची. राहिलेले सगळे गठ्ठे पाच महिन्यांत झाले.

आधी फाटलेल्या पानांचं काहीच झालं नाही. काही चाचांनी जोडली, काहींचे तुकडे जुळलेच नाहीत. एका वर्षाच्या गठ्ठ्यात तर सलग तीन अंकांचा खालचा भाग नाही. त्यात काय होतं ते आता कोणीच सांगू शकत नाही, आणि ते पावसानं, वाळवीनं गेलेलं नाही. आम्ही काळजीपूर्वक, ठराव करून, दोन प्रतींच्या नादात घालवलं आहे. हे मला अजून सुखानं बसू देत नाही.

काम संपल्यावर छोटा कार्यक्रम झाला. सचिवांनी चाचांना शाल दिली. मग अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होतं, 'आधुनिक तंत्रज्ञानामुळे हे कार्य अत्यंत वेगाने पूर्ण झाले.' चाचा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी वाकून विचारलं, "काय म्हणून राह्यले साहेब?"

मी सांगितलं.

चाचा खुर्चीतच इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मला मात्र हसू आलं नाही. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले.